मैदान राखणाऱ्यांची काठी

एकलव्याचा अंगठा दलित कवितेत पुष्कळ वेळा आला, नाटकात आला, सभेतल्या भाषणांत तर तो हमखास येतो. परंतु ज्याने तो अंगठा मागितला त्याच्या नावाने भारत सरकार १९८५ पासून पुरस्कार देत आले आहे, या गोष्टीची जेवढी चर्चा आपल्या वर्तुळात व्हायला हवी होती तेवढी झाली असे मला वाटत नाही. उत्तम खेळाडू घडविणाऱ्या प्रशिक्षकाला द्यायचा हा पुरस्कार म्हणजे द्रोणाचार्य पुरस्कार. पहिल्या वर्षी तो कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाला घडविणारे ओ. एम. नंबियार यांना मिळाला. या माणसांविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्यांनी घाम गाळला, शिष्य घडविले. प्रश्न नावाचा आहे. त्यापूर्वी १९६१ पासून खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार होताच. म्हणजे ज्याच्यासाठी अंगठा कापला गेला त्याचे नाव खेळाडूला आणि ज्याने कापायला लावला त्याचे नाव शिक्षकाला. एकलव्याच्या वाट्याला खो-खो महासंघाचा एक पुरस्कार आणि आदिवासी मुलांच्या निवासी शाळा आल्या. आदिवासींना एकलव्य आणि राष्ट्राला द्रोण ही वाटणी कुणी मुद्दाम बसून केली असेल असे नाही; पण ती इतकी सहज झाली, यातच वर्णव्यवस्थेची मुरलेली सवय दिसते.

आम्हा लोणारकरांना ही सवय परकी नाही. आमच्या गावाचे नाव लवणासुरावरून पडले असे सांगतात. हा लवणासुर जमिनीखाली आपल्या बिळात राहत होता, विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींना फितविले, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडविले आणि त्याला मारले, अशी ती कथा. तळ्याचे खारट पाणी म्हणजे त्याचे रक्त. खरे पाहता हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने झालेले आहे, आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, हे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. परंतु दंतकथेचेही एक शास्त्र असते. गावाला नाव मारल्या गेलेल्याचे, आणि गावातले सर्वांत देखणे मंदिर मारणाऱ्याचे, दैत्यसूदनाचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अशा कथा उलट्या करून वाचायला शिकविले. बळी, हिरण्यकश्यपू, बाणासुर हे आपले हरलेले पूर्वज म्हणून त्यांनी उभे केले. लवणासुराकडे त्याच नजरेने पाहावे आणि मग तीच नजर खेळाच्या मैदानाकडे वळवावी, असा माझा आजचा प्रयत्न आहे.

मैदानाचा इतिहास लिहिणारे लोक मैदानावर खेळणाऱ्यांचा इतिहास लिहितात. मैदान राखणाऱ्यांचा लिहीत नाहीत. गवत कापणारा, रोलर ओढणारा, पाणी मारणारा, फक्की टाकून रेषा आखणारा माणूस धावफलकावर येत नाही. तो खेळाची अवजारे सांभाळतो, पण ती वापरायची नाहीत. गावगाड्यात आपल्या वाट्याला जे काम आले त्याचीच ही नवी आवृत्ती. गाव स्वच्छ करायचे आणि गावात राहायचे नाही. माझ्या शाळकरी वयात स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मैदान झाडायला कुणाची नावे पुकारली जात ते मला आठवते. शर्यतीच्या दिवशी पुकारली जाणारी नावे वेगळी असत. शाळा कोणती ते सांगण्याची गरज नाही, त्या काळी कोणतीही असू शकली असती.

पण महाराष्ट्रात पुण्याच्या आसपासच्या लष्करी वस्तीत एक चमत्कारिक गोष्ट दोनदा घडली. मैदान राखणाऱ्याच्या घरातून खेळाडू निघाला.

पहिली गोष्ट आपल्याला माहीत आहे. पालवणकर बाळू चांभार समाजातले, जन्म १८७६ चा. त्यांचे वडील सैन्यात चाकरी करीत. एका वृत्तांतानुसार ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्याच्या पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची, पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तिथे खेळपट्टीला रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबाला सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा साहेब तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी आणि बाद झाला की आठ आणे देई. बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे आणि उच्चवर्णीयांचे काम, गोलंदाजी म्हणजे मजुरी. त्या मजुरीतून हिंदुस्थानातला त्या काळचा श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज तयार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला ते हवे होते, पण चहा त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यातून बाहेर मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच दिले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले, तेही पुष्कळ भांडणानंतर. बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि बाबासाहेब जिंकले. पराक्रमी माणसाला संघात घ्यायचे पण संघ त्याच्या हाती द्यायचा नाही, आणि नंतर त्याच्याच माणसांविरुद्ध त्याला वापरायचे, हा डाव मैदानावरून राजकारणात गेला की राजकारणातून मैदानावर आला, याचा विचार वाचकांनी करावा.

दुसरी गोष्ट हॉकीची, आणि आजचा माझा विषय तीच आहे.

हॉकी हिंदुस्थानात आली ती गोऱ्या पलटणींबरोबर. कलकत्त्यात १८८५-८६ च्या सुमारास क्लब निघाले, १८९५ साली बेटन चषक सुरू झाला, १८९६ साली मुंबईत आगाखान स्पर्धा. क्रिकेटसारखे राजे-महाराजे आणि जिमखान्यांचे वलय या खेळाला मिळाले नाही. तो छावणीत वाढला, रेल्वे वसाहतीत वाढला, मिशनच्या शाळांत वाढला. अँग्लो-इंडियन, गोवेकर ख्रिस्ती, शीख शिपाई, मुसलमान कारागिरांची पोरे, छोटा नागपूरचे आदिवासी असे गावकुसाबाहेरचे किंवा कुसावरचे लोक त्यात होते. १९२८ साली ॲमस्टरडॅमला पहिले सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचा कर्णधार मुंडा आदिवासी होता. जयपाल सिंग. ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस हॉकीसाठी इंडियन सिव्हिल सर्व्हिसला मुकला. पुढे १९३९ पासून त्यांनी आदिवासी महासभेचे नेतृत्व केले आणि संविधान सभेत बसले. डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर १७ तारखेला बाबासाहेब बोलले आणि १९ तारखेला जयपाल सिंग बोलले. एकाच ठरावावर दोन दिवसांच्या अंतराने अस्पृश्यांचा आणि आदिवासींचा प्रतिनिधी उभा राहतो आणि त्यातला एक ऑलिंपिकचा कर्णधार असतो, हा प्रसंग आपल्या क्रीडा-इतिहासात नाही आणि राजकीय इतिहासातही ओझरताच येतो.

पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पलटणीची भरती बंद झाल्यावर महार माणसाला जिथे थोडीफार कामे मिळाली त्यांत खडकी होती. दक्षिणेतून आलेली तमिळ मजूर कुटुंबेही तिथे वसली. अशाच एका कुटुंबात १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिल्लेचा जन्म झाला. वडील नागलिंगम कारखान्याच्या मैदानाची राखण करीत. धनराजची जात हा माझ्या लेखाचा विषय नाही. विषय आहे त्याच्या घरातले काम. वडील मैदान राखतात आणि पोरे मोठ्यांनी टाकून दिलेल्या तुटक्या काठ्या घेऊन वसाहतीतल्या मऊ, उंचसखल जमिनीवर खेळतात. काठी विकत घेण्याची ऐपत नाही. मोहम्मद शाहिदची नक्कल करीत धनराज खेळ शिकला. समोर गुरू नाही, दुरून पाहिलेला एक नायक आणि तुटकी काठी. मातीचा पुतळा करून धनुर्विद्या शिकणाऱ्या पोराची आठवण इथे झाली तर तो माझा दोष नाही.

थोरला भाऊ रमेश मुंबईला खेळत होता, त्याने धाकट्याला बोलावून घेतले. तिथे जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली महिंद्रच्या संघात धनराजला वळण लागले. कार्व्हालो स्वतः १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेले. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषकात धनराज देशाकडून उतरला आणि ऑगस्ट २००४ पर्यंत खेळत राहिला. ३३९ सामने, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई स्पर्धा. २००२ साली कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. लंडन, लियों, स्टुटगार्ट, क्वालालंपूर, ढाका, हाँगकाँग, जिथे पैसे देऊन खेळवीत तिथे तो खेळला. धंदेवाईक खेळाडू हा शब्द आपल्याकडे जरा हिणवून वापरतात. खेळ हा छंद असावा, पोटाचे साधन नसावे, असे म्हणणे ज्यांचे पोट दुसरीकडून भरते त्यांना शोभते. बाळूंना आठ आणे लागत होते, धनराजला परदेशी क्लबांचे मानधन लागत होते. आणि आणखी एक. रेल्वे, पोलीस यांत खेळाडूंना राखीव जागांवर नोकऱ्या मिळतात. त्या जागांमुळे गुणवत्ता बुडाली असा मोर्चा कुणी काढल्याचे मी ऐकलेले नाही.

या माणसाने देशासाठी किती गोल केले? सुमारे १७० असे तो सांगतो. अधिकृत आकडा नाही, कारण हॉकी महासंघाने तो ठेवलाच नाही. क्रिकेटमध्ये कोण कितव्या षटकात पाणी प्यायला याचीही नोंद सापडेल. देशाच्या सर्वांत मोठ्या हॉकीपटूचे गोल कुणी मोजले नाहीत. आपल्या इतिहासाशी परिचय असणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. वेठीच्या मजुरीचा हिशेब गावच्या कोणत्या दप्तरात होता?

१९९८ च्या डिसेंबरात बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९६६ नंतर ३२ वर्षांनी. संघ परतला आणि थोड्याच दिवसांत कर्णधारासह सात ज्येष्ठ खेळाडू बाहेर. त्यांना विश्रांती दिली, असे अधिकृत कारण सांगण्यात आले. खेळाडूंनी सामन्याच्या मानधनाबद्दल तोंड उघडले होते, ही गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक होती. संघाचे प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक, १९८० च्या मॉस्को सुवर्णविजेत्या संघातले खेळाडू, त्यांनाही दूर केले. सुवर्ण जिंकून आणणारा प्रशिक्षक घरी बसतो, हे जगात इतरत्र क्वचित घडत असेल. धनराज रागीट आहे, भांडखोर आहे, त्याला जिभेवर ताबा नाही, असे तेव्हा छापून येई. राग हा शब्द आपल्या साहित्यालाही चिकटविला गेला होता. उपाशी माणसाने भाकरी मागितली तर तो हावरट, आणि मोठ्याने मागितली तर उर्मट.

त्या काळी महासंघाची सूत्रे एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याकडे होती. खेळाडू शिपाई आणि महासंघ छावणी, असा कारभार. तो २००८ साली ऑलिंपिक संघटनेने मोडीत काढला, पण त्याआधी मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सांतियागो येथे ब्रिटनकडून हरून भारत ऑलिंपिकला मुकला होता. १९२८ नंतर प्रथमच. प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो, धनराजला वळण लावणारे. त्यांनी राजीनामा दिला. अपयशाचे धनी प्रशिक्षक, यशाचे धनी पदाधिकारी.

खेळाडू म्हणून निवृत्त झाल्यावर धनराज शिकविण्याकडे वळला. विमान कंपनीच्या नोकरीत राहून त्याने पोरे हेरली, पुढे गुजरात राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाच्या हॉकी प्रबोधिनीचे काम हाती घेतले. ज्या राज्याला हॉकीची परंपरा नाही तिथे जाऊन गावोगावची मुले-मुली उभी करायची, हे काम वर्तमानपत्रात येत नाही. ते कष्टाचे, कंटाळ्याचे काम आहे. तोच थांबवणे, तोच ढकलणे, तेच वाकणे हजार वेळा करून घ्यायचे. राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मात्र त्याच्याकडे आले नाही. २००४ साली जर्मनीचे गेरहार्ड राख, २००९ साली स्पेनचे होझे ब्रासा, २०११ साली ऑस्ट्रेलियाचे मायकेल नॉब्स, पुढे डच, पुन्हा ऑस्ट्रेलियन, मग दक्षिण आफ्रिकेचे. मधे थोडा काळ हरेंद्र सिंग. परदेशी प्रशिक्षक नकोत असे मी म्हणत नाही. टोकियोचे कांस्य आणि २०२४ च्या पॅरिसचे कांस्य त्यांच्याच देखरेखीखाली मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अंगाने खेळलेल्या माणसाचे ज्ञान हे ज्ञान नव्हे, ते फक्त कसब, ही समजूत फार जुनी आहे. सुताराला लाकूड कळते पण वास्तुशास्त्र पंडिताचे. चांभाराला कातडे कळते पण पादत्राणांचा व्यापार दुसऱ्याचा. बाळूंच्या बोटांत चेंडू होता आणि डोके कर्णधाराचे मानले गेले.

यात जमिनीचाही प्रश्न आहे, अगदी शब्दशः. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. त्या दिवसापासून माती हा हॉकीतला कमीपणा ठरला. कृत्रिम मैदानाला कोट्यवधी रुपये लागतात, त्यावर पाणी मारावे लागते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पिण्याच्या पाण्याला टँकर येतो. धनराजच्या पिढीला मातीवरून हिरव्या गालिच्यावर उडी मारावी लागली. पुढच्या पिढीतल्या आमच्या भागातल्या पोराला ती उडी मारायला जागाच उरली नाही. लोणारच्या पोराकडे चपळाई नाही असे नव्हे. विवराच्या उतारावरून धावत जाऊन धावत वर येणारी पोरे मी पाहिली आहेत. त्यांच्याजवळ विटीदांडूची नजर आहे. काठी नाही, मैदान नाही, आणि मुख्य म्हणजे शिकवणारा नाही.

शिकवणारा मिळाला तर काय होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. मरीन लाइन्सच्या झोपडीत, वीज नसलेल्या घरात, एका वाहनचालकाची पोरे वाढली. आडनाव वाल्मीकी. उत्तरेत हे आडनाव कोणत्या वस्तीतून येते हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. थोरला युवराज, जन्म १९९० चा, मर्झबान पटेल या पारशी गृहस्थांच्या हाताखाली हॉकी शिकला. बावा म्हणून ओळखले जाणारे पटेल स्वतः देशाकडून खेळलेले नाहीत; तळातल्या पोरांना हाताशी धरून वर्षानुवर्षे शिकवीत राहिले. युवराज जर्मनीत पैसे घेऊन खेळला. २०११ साली चीनमधल्या ओर्डोस येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धच्या पेनल्टीत त्याने निर्णायक गोल केला आणि तो परतल्यावर त्याच्या घरी वीज आली. दिवा लागायला पाकिस्तानला हरवावे लागले! धाकटा देविंदर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला खेळला. बावा पटेलांना २०१९ साली पुरस्कार मिळाला, तो अर्थातच द्रोणाचार्य. आयुष्यभर एकलव्यांना अंगठ्यासह शिकविणाऱ्या माणसाच्या हाती द्रोणाची मूर्ती.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? आता जात कुठे राहिली, मैदानावर तर नाहीच. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ ची हकिकत सांगतो. टोकियोत वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक हॉकीत असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील वारले होते. सराव शिबिर सोडून ती अंत्यविधीला जाऊ शकली नव्हती. ४ ऑगस्टला उपांत्य सामना अर्जेंटिनाशी हरल्यावर हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर उच्चवर्णीय तरुणांनी फटाके फोडले, नाच केला, आणि संघात दलित फार झाले म्हणून हरलो, अशा अर्थाच्या शिव्या दिल्या. कुटुंबाने पोलिसांत तक्रार केली. वंदना टोकियोतच होती, तिसऱ्या स्थानाचा सामना अजून व्हायचा होता, तो ती खेळली आणि त्यातही तिने गोल केला. त्या वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मश्री. एप्रिल २०२५ मध्ये ३२० सामन्यांनंतर तिने निवृत्ती पत्करली. भारतीय स्त्रियांमध्ये इतके सामने दुसरी कुणी खेळलेली नव्हती. हे सामने मोजले गेले होते. रोशनाबादच्या मैदानाला तिचे नाव देण्यात आले, आणि ज्या दारासमोर फटाके फुटले ते त्याच रोशनाबादेत आहे.